संत्र्यावर कीड आधी, मित्रकीटक मागाहून: मधल्या दिवसांत फवारावे की थांबावे?

कोंढाळीकर

नमस्कार मंडळी. आमची नागपुरी संत्र्याची बाग काटोल तालुक्यात, कोंढाळीच्या अलीकडे आहे. झाडे जंभेरी खुंटावरची आणि पूर्ण वाढलेली आहेत. अर्ध्या बागेत आंबिया बहार घेतो, अर्ध्या बागेत मृग. शिवाय बांधालगत यंदा नवीन कलमांची एक पट्टी लावली आहे. फवारणीचे वेळापत्रक आमच्याकडे वडिलांच्या काळापासून तारखेवर चालत आले आहे, म्हणजे अमुक पंधरवड्यात अमुक औषध. खर्च वाढत चालला आहे आणि काळ्या माशीमुळे पानांवर चढणारी काळी बुरशी, म्हणजे कोळशी, मात्र दोन-तीन वर्षांआड पुन्हा डोके वर काढते. त्यामुळे हे वेळापत्रक मुळापासून तपासून पाहावे असे वाटू लागले आहे.

फेब्रुवारीत नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली की थोड्याच दिवसांत शेंड्यांवर सिट्रस सायला या रस शोषणाऱ्या बारीक किडीची पिल्ले दिसतात. ढालकिडे आणि क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची बारीक देठांवर उभी असलेली अंडी मात्र बरीच उशिरा, नवती निबर होऊ लागल्यावर नजरेस पडतात आणि तोपर्यंत आमची पहिली फवारणी होऊन गेलेली असते. पावसाळ्यात तर नागअळी, सायला, लिंबावरील फुलपाखराची अळी आणि काळी माशी ही सगळी मंडळी एकाच झाडावर नांदत असतात, तेव्हा कोणासाठी काय फवारावे हेच कळेनासे होते.

भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ऑलिव्हच्या बागांमध्ये किडींची आणि त्यांच्या नैसर्गिक शत्रूंची महिनावार नोंद ठेवतात आणि त्या नोंदीवरून फवारणीची वेळ ठरवतात, असे नुकतेच वाचनात आले. आपल्या संत्र्यासाठी असे ऋतुमान मांडता येईल का, कोणता मित्रकीटक केव्हा येतो आणि तो बागेत आहे हे शेतकऱ्याने साध्या डोळ्यांनी कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे. औषधांच्या नावांची यादी नको आहे. ती दुकानात मिळते.

पर्णतळ (नागपूर, कीटकशास्त्र)

कोंढाळीकर भाऊ, ऋतुमान नक्की मांडता येते, पण ते महिन्यांवर न मांडता नवतीवर मांडावे, असे मी सुचवीन. आपल्याकडे संत्र्याला वर्षातून मुख्यतः तीनदा नवती फुटते: थंडी ओसरताना जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत, पाऊस लागल्यावर जून ते ऑगस्ट आणि पाऊस सरताना सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत. आंबिया, मृग आणि हस्त या बहारांशी जुळणाऱ्या या तीन लाटांवरच बहुतेक रस शोषणाऱ्या किडींचे वर्ष बेतलेले असते. पाऊस पंधरा दिवस लांबला किंवा तुम्ही ताण (बहारासाठी पाणी बंद ठेवण्याचा काळ) उशिरा तोडला तर नवती सरकते, तिच्याबरोबर कीड सरकते आणि तारखेवरची फवारणी हवेत जाते.

सायलाचेच पाहा. तिची मादी अंडी घालते ती केवळ कोवळ्या, अजून पुरती न उलगडलेल्या पानांच्या घडीत आणि शेंड्यावर. निबर पानावर ती बसते, रस शोषते, पण अंडी घालत नाही. एक मादी आयुष्यभरात 800 पर्यंत अंडी घालू शकते आणि 25 ते 28 अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन-अडीच आठवड्यांत उरकतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये ती झपाट्याने वाढते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, झाडावर कोवळे काही नसते आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा अंडी आणि पिल्ले जवळपास दिसेनाशी होतात. पण प्रौढ सायला कित्येक महिने जगते आणि निबर पानांवर तग धरून बसते, हे विसरू नये. पावसाच्या जोरदार सरींनी अंडी आणि लहान पिल्ले धुऊन जातात. त्यामुळे मृगाच्या नवतीवर तिची वाढ उघडिपीच्या दिवसांत अधिक दिसते.

आता मित्रकीटक मागाहून का येतात, ते. ढालकिड्याची मादी जिथे पोरांना पुरेसे खाद्य दिसते तिथेच अंडी घालते, म्हणजे आधी कीड वाढावी लागते. सायलावर जगणाऱ्या दोन सूक्ष्म गांधीलमाश्या आपल्या देशात मूळच्याच आहेत, एक तामरिक्सिया रेडिएटा आणि दुसरी डायाफोरेन्सिर्टस अलिगढेन्सिस. त्यांपैकी तामरिक्सियाला अंडे घालण्यासाठी मोठी, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या अवस्थेतली पिल्ले लागतात, तर दुसरी त्याहून थोड्या लहान पिल्लांवरही भागवते. अंडी नुकती फुटलेली असताना या माश्यांना तिथे करण्यासारखे काही नसते. म्हणजे तुम्हाला जो उशीर वाटतो तो त्यांच्या जीवनक्रमाचाच भाग आहे, आणि पहिल्या पिढीची पिल्ले मोठी होण्याच्या नेमक्या त्या दिवसांत जहाल औषध पडले तर पुढच्या नवतीला ही फौज शून्यापासून उभी राहते. सायला मात्र शून्यावर येत नाही, कारण तिचे प्रौढ शेजारच्या बागेतून उडून येतात.

ओळख पटवण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. सायलाचे निरोगी पिल्लू चपटे, पिवळसर नारिंगी असते, त्याचे डोळे लाल असतात आणि मागून पांढऱ्या मेणाचा वेटोळा धागा निघत असतो. काडीने डिवचले की ते संथपणे सरकते. गांधीलमाशीने गाठलेले पिल्लू तपकिरी होऊन ताठरते आणि देठाला गोंदाने चिकटवल्यासारखे घट्ट बसते. त्याच्या छातीच्या बाजूला गोल भोक दिसले तर तिथून तामरिक्सिया बाहेर पडली आहे आणि भोक पोटाच्या बाजूला असेल तर दुसरी माशी. अशी तपकिरी ममीसारखी पिल्ले मार्चच्या नवतीवर बऱ्याच शेंड्यांना सापडू लागली की काही दिवस हात आखडता घेण्यासारखी परिस्थिती आहे, असे समजावे. तामरिक्सियाची मादी अंडी घालतेच, शिवाय लहान पिल्लांना टोचून त्यांचा रसही पिते, त्यामुळे ममींच्या संख्येपेक्षा तिने मारलेल्या पिल्लांची संख्या अधिक असते.

नागअळीबद्दल थोडक्यात सांगते, कारण मोठ्या झाडावर तिची फारशी चिंता करू नये. पानात चांदीसारखी वळणावळणाची रेघ दिसते, ती तिची. जुलै ते ऑक्टोबर तिचा जोर असतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्येही ती येते. पूर्ण वाढलेले झाड हे नुकसान सहज पचवते. कलमांच्या पट्टीवर मात्र लक्ष ठेवा, कारण तिथे मुळात पानेच मोजकी असतात आणि तिने पोखरलेल्या पानांतून खैऱ्या रोगाच्या जिवाणूला वाट मिळते. तिच्यावरही सिट्रोस्टिकससारख्या सूक्ष्म गांधीलमाश्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात बरेच काम करतात. चांदीची रेघ उघडून पाहिल्यावर आत अळीऐवजी लहानसा काळपट कोष दिसला, तर तिथे त्यांनी काम केलेले आहे.

नरखेडचा शेतकरी

ताईंनी सायलाचे लिहिले, मी काळ्या माशीचे लिहितो, कारण वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत कोळशीने बागा काळ्याठिक्कर पडलेल्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे कोळशी हा रोग नंतरचा; आधी काळ्या माशीची पिल्ले पानाखाली रस शोषतात, अंगातून गोड चिकटा सोडतात आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. पानाच्या वरच्या बाजूची बुरशी पाहून बुरशीनाशक मारणारे लोक अजूनही भेटतात, आणि पानाखालची पिल्ले तशीच मजेत राहतात.

आमच्या भागात या माशीच्या वर्षाला तीन पिढ्या होतात. मार्च-एप्रिल, जुलै-ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबर या सुमारास प्रौढ माश्या निघतात आणि कोवळ्या पानांच्या मागे अंडी घालतात. अंडी गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात मांडलेली असतात. सुरुवातीला ती पिवळट असतात आणि पुढे तपकिरी, मग काळी होतात. औषध मारायचेच असेल तर निम्मी अंडी फुटलेली असताना पहिली फवारणी आणि पंधरा दिवसांनी दुसरी, ही शिफारस खरोखर उपयोगी आहे, कारण त्या वेळी पिल्ले लहान आणि नाजूक असतात. एकदा ती काळी, काटेरी आणि कडक झाली की त्यांच्यावर औषध फारसे चालत नाही. शिवाय फवारा पानाच्या खालच्या बाजूला आणि झाडाच्या आतल्या भागात पोचला पाहिजे. त्यासाठी आधी सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढून झाड मोकळे करावे लागते. दाट झाडावर वरून धुके मारणे म्हणजे पैसे उडवणे.

आता मित्रकीटकांची खूण. काळ्या माशीच्या कोषाची रिकामी टरफले पानाखाली बरेच दिवस चिकटून राहतात. त्यातून माशी निघाली असेल तर टरफलावर इंग्रजी टी अक्षरासारखी फाट असते. त्यातून गांधीलमाशी निघाली असेल तर नीट कातरलेले गोल भोक असते. भिंगाने एकेका पानावर मोजत गेले की आपल्या बागेत कोणाची सरशी आहे ते अर्ध्या तासात समजते. मी तरी या मोजणीशिवाय काळ्या माशीसाठी पंप बाहेर काढत नाही.

या कामात मुंगळ्यांकडे दुर्लक्ष करू नका. चिकट्याच्या लोभाने ते झाडावर चढतात आणि ढालकिड्यांना, क्रायसोपाच्या अळ्यांना आणि गांधीलमाश्यांना हुसकावून लावतात. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या आणि खोडावर चिकट पट्टी लावली तरी फरक पडतो. दुसरी गोष्ट धुळीची. तुमची बाग महामार्गाच्या बाजूला असेल तर कडेच्या ओळी पाहा. धुळीने माखलेल्या पानांवर लाल कोळी आणि माव्यासारख्या किडी जास्त दिसतात, कारण सूक्ष्म माश्यांना धुळीत वावरता येत नाही. आम्ही रस्त्याकडच्या ओळींवर उन्हाळ्यात नुसते पाणी मारतो.

आणि खाद्याची साखळी. ढालकिडे फेब्रुवारीत आकाशातून पडत नाहीत. आमच्याकडे बागेलगत करडई असली की डिसेंबर-जानेवारीत तिच्यावर मावा चढतो, त्या माव्यावर ढालकिडे आणि क्रायसोपा वाढतात आणि करडई वाळू लागली की ते संत्र्याच्या नवतीकडे वळतात. पावसाळ्यात हेच काम ओळींमधली चवळी करते. त्या करडईवर कोणी माव्यासाठी औषध मारले, की संत्र्याचे ढालकिडे तिथेच संपले. अलीकडे करडईचे क्षेत्र घटले आहे, याचा आमच्या बागांशी संबंध असावा असे मला वाटते.

शेवटी एक सांगतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांचा झटका जोरात दिसतो, दुसऱ्या दिवशी पाने स्वच्छ वाटतात, पण काळी माशी, खवले कीड आणि कोळी पुढच्या हंगामात दुप्पट जोमाने परततात. दोन-तीन वर्षांआड डोके वर काढणारी तुमची कोळशी मला याच चक्राची वाटते. मागच्या फवारण्यांची वही काढून तपासा.

कोंढाळीकर

दोघांचेही मनापासून आभार. वही काढून पाहिली. मृगाच्या नवतीवर सलग काही वर्षे त्याच गटातील औषध पडत आले आहे, हे नरखेडच्या भाऊंनी बरोबर हेरले. आता एक शंका उरते. काळ्या माशीसाठी थांबणे मला पटते, पण सायलामुळे ग्रीनिंग हा झाडाचा जिवाणूजन्य रोग पसरतो असे ऐकले आहे. मग ममी दिसेपर्यंत थांबण्यात धोका नाही का? विशेषतः नवीन कलमांच्या बाबतीत?

सातपुडा पायथा

धोका आहे, आणि त्या मुद्द्यावर माझे वरच्या उत्तराशी पूर्ण एकमत नाही.

काळी माशी नुकसान करते ते संख्येने. ती थोडी असली तर झाडाचे काही बिघडत नाही, म्हणून गांधीलमाश्यांनी तिला थोडीवर आणून ठेवणे पुरेसे ठरते. सायलाचे तसे नाही. ग्रीनिंगचा जिवाणू तिच्या अंगात पिल्लू असतानाच शिरला की ती तो आयुष्यभर वाहते आणि अशा मोजक्या सायला निरोगी झाडाला लागण करण्यास पुरेशा असतात. ग्रीनिंगवर इलाज नाही. पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना न जुळणारे पिवळे-हिरवे पट्टे, वेडीवाकडी लहान फळे आणि शेवटी फांद्यांची मर, हा क्रम एकदा सुरू झाला की झाड उपटण्याखेरीज मार्ग राहत नाही. म्हणून मित्रकीटकांनी सायला 80 टक्क्यांनी घटवली तरी काळ्या माशीच्या हिशोबात जे यश, ते सायलाच्या हिशोबात अपुरे असू शकते.

मित्रकीटकांच्या यशाच्या ज्या कहाण्या सांगितल्या जातात त्यांची पार्श्वभूमीही पाहिली पाहिजे. हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर 1978 मध्ये भारतातून तामरिक्सिया नेण्यात आली आणि तिथे सायला फार खाली आली. पण तिथे ही गांधीलमाशी तिच्या स्वतःच्या शत्रूंशिवाय पोचली. आपल्याकडे तिच्यावरही जगणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या आहेत आणि त्या तिला ऐन भरात आवरतात. आपल्याच मातीतल्या मित्रकीटकाने परदेशात दाखवलेला पराक्रम इथे तसाच दिसेल, अशी अपेक्षा धरू नये.

ऑलिव्हच्या बागांचा उल्लेख आला आहे, त्यातही हाच धडा दोन तऱ्हांनी दिसतो. ऑलिव्हच्या पतंगाच्या, म्हणजे प्रेज ओली या किडीच्या, वर्षाला तीन पिढ्या असतात आणि प्रत्येक पिढी झाडाच्या वेगळ्या भागावर जगते: हिवाळ्यातली पानांवर, वसंतातली फुलांवर आणि उन्हाळ्यातली फळाच्या बाठीत. आपल्या काळ्या माशीच्या तीन पिढ्या आणि तीन बहार यांच्यासारखेच हे गणित आहे आणि तिथे पिढी ओळखून हस्तक्षेप करता येतो. ऑलिव्हच्या फळमाशीची गोष्ट मात्र वेगळी. 1910 मध्ये ट्युनिशियात तिच्यावर जगणारी सिटॅलिया कॉन्कलर ही गांधीलमाशी सापडली, पुढे युरोपात ती अनेकदा सोडण्यात आली, पण तिच्या एकटीच्या बळावर फळमाशी कधी समाधानकारक आटोक्यात आली नाही. लागवडीच्या ऑलिव्हचा गर रानटी फळापेक्षा जाड असतो आणि आत खोल गेलेल्या अळीपर्यंत अशा माश्यांची अंडी घालण्याची नळी पोचत नाही, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. म्हणजे एकाच झाडावरच्या दोन किडींना एकच नियम लागू पडत नाही.

यावर माझा तोडगा असा. सायलासाठी फवारणी करायची तर नवती फुटण्याच्या आधी करावी. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाड ताणावर असते, त्या वेळी झाडावर कोवळे पान नसते, सायलाची पिल्ले नसतात, जे असतात ते निबर पानांवर बसलेले प्रौढ. नेमके तेच रोग वाहतात आणि तेच फेब्रुवारीत अंडी घालणार असतात. त्याच वेळी ढालकिडे आणि क्रायसोपा संत्र्यावर नसून शेजारच्या रब्बी पिकांवर असतात. फ्लोरिडात झाड सुप्त असतानाच्या अशा फवारणीचा उपयोग होतो असे दिसून आले आहे आणि आपल्या ताणाच्या पद्धतीत ती तंतोतंत बसते. मग फेब्रुवारीच्या नवतीवर, फुलोरा असताना, औषध टाळता येते. त्यात मधमाश्याही वाचतात आणि पिल्ले मोठी होतील तेव्हा तामरिक्सियालाही रान मोकळे मिळते.

नवीन कलमांची गोष्ट निराळी. त्यांना सतत नवती फुटत असते, म्हणून सायला तिथे वर्षभर टिकते. तुमची पट्टी बांधालगत आहे, आणि बाहेरून येणारी सायला आधी कडेच्या ओळींवरच जमते. तिथे मी मुळापाशी देण्याचे आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून पसरणारे) औषध लेबलावरील मात्रेत वापरीन. फवाऱ्यापेक्षा ते मित्रकीटकांच्या अंगावर कमी येते. अर्थात कलमांना फुले नसतील तेव्हाच.

आणखी एक. घरासमोर किंवा बागेच्या फाटकाशी कामिनीचे कुंपण असेल, किंवा परसात गोडनिंबाचे झाड असेल, तर तिथला कोवळा शेंडा उलटून पाहा. सायलाला ही दोन्ही झाडे प्रिय आहेत. नागपुरातल्या वसाहतींमध्ये छाटलेल्या कामिनीवर ती बारा महिने सापडते, कारण छाटणीनंतर नवती फुटतच राहते.

पर्णतळ (नागपूर, कीटकशास्त्र)

सातपुडा पायथा यांचा मुद्दा रास्त आहे. ताणाच्या काळातील एका फवारणीला माझीही हरकत नाही, दोन अटींवर. ती पायरेथ्रॉइड गटातील नसावी, आणि त्या आधी काळ्या माशीचे कोष तपासलेले असावेत. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पिढीची पिल्ले हिवाळाभर पानाखाली असतात आणि त्यांच्या पोटात गांधीलमाश्यांची पुढची पिढी वाढत असते. गोल भोकांची टरफले भरपूर दिसली तर फवारणी बागभर न करता कडेच्या ओळींपुरती करावी.

या गांधीलमाश्यांचे मोल किती असते, याचा इतिहास मोठा बोलका आहे. काळी माशी आशियातून 1913 मध्ये जमैकात आणि पुढे क्युबात पोचली. 1930 मध्ये मलायातून नेलेल्या एरेटमोसेरस सेरियस या माशीने क्युबात तिला आवरले. तीच माशी मेक्सिकोत नेली तेव्हा दमट भाग सोडून ती टिकलीच नाही. शेवटी 1949-50 मध्ये भारत आणि पाकिस्तानातील कोरड्या, उष्ण भागांतून अमिटस हेस्पेरिडम आणि एन्कार्सियाच्या जाती तिकडे नेण्यात आल्या आणि मेक्सिकोचा प्रश्न सुटला. अमिटस कीड फार झाली असताना झपाट्याने वाढते आणि कीड विरळ झाली की मागे पडते. एन्कार्सिया विरळ किडीतही शोध घेत राहते. म्हणून कोळशीच्या उद्रेकाच्या वर्षी एक आणि नंतरच्या शांत वर्षांत दुसरी, अशी त्यांची पाळी लागते. शांत वर्षांत केलेली अनावश्यक फवारणी या दुसरीलाच मारते, आणि तिच्या जाण्याचा परिणाम दिसायला पुढचा उद्रेक यावा लागतो. कोंढाळीकर भाऊंचे दोन-तीन वर्षांचे चक्र मला यातूनही समजते.

पावसाळ्यात हवेत ओल पुरेशी असते तेव्हा लेकॅनिसिलियमसारख्या किडींवर वाढणाऱ्या बुरशीची फवारणी संध्याकाळी करून पाहावी. हीच फवारणी मार्चच्या कोरड्या हवेत केली तर पैसे वाया जातात. काटोलच्या फळ संशोधन केंद्रात किंवा अमरावती रोडवरील केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत पाने घेऊन गेलात तर गांधीलमाशीची जात नेमकी सांगता येईल.

नरखेडचा शेतकरी

एका किडीचा उल्लेख राहिला आहे, आणि आंबियाच्या फळांवर सर्वांत जास्त रडवते ती हीच: रस शोषणारा पतंग. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ रंगावर येऊ लागले की तो रात्री येतो, आपल्या कठीण सोंडेने फळाला सुईसारखे छिद्र पाडतो, रस पितो आणि निघून जातो. दोन-तीन दिवसांत त्या छिद्राभोवती साल मऊ पडते आणि फळ गळते. दिवसा बागेत फिरणाऱ्याला पतंग दिसत नाही, मग फळगळीचे खापर पाण्यावर किंवा बुरशीवर फुटते. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन जा. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे प्रकाशात चमकतात.

या किडीचे वैशिष्ट्य असे की तिची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. म्हणून झाडावर केलेल्या फवारणीने तिला धक्का लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्येच बागेभोवतीच्या या वेली पाहाव्यात आणि अळ्या असतील तर वेचाव्यात. गुळवेल औषधी आहे, ती सरसकट उपटा असे मी म्हणणार नाही, पण बागेला खेटून असलेली ठेवू नये. गळलेली फळे रोजच्या रोज उचलून पुरणे आणि रंग धरण्याच्या दिवसांत संध्याकाळी बागेत धूर करणे, ही जुनी कामेच इथे औषधापेक्षा भारी पडतात.

कोंढाळीकर

सर्वांचे आभार. घराच्या फाटकाशी कामिनीचे कुंपण खरोखरच आहे. आज सकाळी कोवळे शेंडे उलटून पाहिले तर सायलाची पिल्ले होती आणि त्यांतली काही तपकिरी, चिकटलेली. एकाच्या छातीवर गोल भोक आहे. मग हे कुंपण काढावे की ठेवावे?

पर्णतळ (नागपूर, कीटकशास्त्र)

छातीवर भोक म्हणजे तामरिक्सिया. कुंपण बागेपासून किती लांब आहे यावर उत्तर अवलंबून आहे. बागेला लागून असेल तर काढावे, कारण ग्रीनिंगच्या बाबतीत सातपुडा पायथा यांचे म्हणणे खरे आहे आणि कलमांची पट्टी जवळ आहे. पण काढण्याच्या आधी ममी असलेले शेंडे छाटून, बारीक जाळीच्या पिशवीत भरून, मोठ्या संत्र्याच्या झाडांच्या सावलीत टांगावेत. कलमांपाशी टांगू नयेत. जाळी इतकी बारीक हवी की गांधीलमाशी बाहेर पडेल पण सायलाचा प्रौढ अडकेल. सायलाचा प्रौढ तीन-चार मिलिमीटरचा असतो आणि तामरिक्सिया जेमतेम एक मिलिमीटरची, त्यामुळे मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा आधी ताज्या सायलावर तपासून मग वापरावा.

नोंदीसाठी बागेच्या चार बाजूंच्या आणि मधल्या काही झाडांच्या कोवळ्या शेंड्यांना रंगीत लोकरीचा धागा बांधा. दर आठवड्याला त्याच शेंड्यांवर जिवंत पिल्ले, ममी, ढालकिड्याच्या अळ्या आणि क्रायसोपाची अंडी वेगवेगळ्या रकान्यांत लिहा आणि त्याच ओळीत पाऊस व ओलिताची तारीखही लिहा. ढालकिड्याची अळी काळपट, लांबट आणि काटेरी असते; मजूर तिला कीड समजून चिरडतात, तेव्हा वेचणीच्या आधी त्यांना ती एकदा दाखवून ठेवा.